फॉरमॅट मारू नका, विंडो कॉम्प्युटरमध्येच आहे

पत्र :

मी निवृत्त शिक्षिका, मिरजेत एकटी राहते. दिवाळीत मुलगा सहकुटुंब आला होता. त्याने घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकून दिलं. नातवंडांसाठी कॉम्प्युटर टीव्हीला जोडून सिनेमेही बघून झाले. ते सगळे पुण्याला परत गेले आणि तेव्हापासून क्रोम उघडेना. खालच्या पट्टीवर त्याच्या चित्राखाली रेघ येते, माउस नेला की छोटंसं चित्रही दिसतं, पण स्क्रीनवर विंडो येतच नाही. म्हणून एज हा दुसरा ब्राउझर उघडून बघितला. ते दिसतं, पण वर टॅब आणि खाली सगळं पांढरं. अक्षरंही पुसट वाटतात. शेजारच्या मुलाने क्रोम काढून पुन्हा टाकलं, काही फरक नाही. त्यातच एक दिवस स्क्रीनभर लाल विंडो आली, ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ म्हणून. मी घाबरून मेन स्विचच बंद केला. दुकानदार म्हणतात, फॉरमॅट मारावा लागेल, नाहीतर नवीनच घ्या, हा २०१९ चा आहे. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, ‘मी असताना चालत होतं.’ सोसायटीचे हिशेब आणि घरचे सगळे फोटो याच्यातच आहेत. काय करू?
– स. कु., मिरज

उत्तर :

बाई, सगळ्यात आधी दुकानदारांना फोन करून सांगा की आत्ता फॉरमॅट नको. तुम्ही लिहिलेल्यापैकी एकाही गोष्टीसाठी फॉरमॅट लागत नाही. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने बसवणं. हिशेब आणि फोटो दुसरीकडे उतरवून ठेवलेले नसतील तर ते गेलेच म्हणून समजा. विंडो दिसत नाही एवढ्यासाठी एवढी किंमत मोजायची नाही.

दुसरं, मुलाने काही चुकीचं केलेलं नाही. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. तुम्ही बँकेचं काम याच कॉम्प्युटरवर करत असाल तर अकरावर जाणं योग्यच होतं. आणि ‘मी असताना चालत होतं’ हे त्याचं म्हणणंही खरं आहे. तुमच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर त्याच वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

कॉम्प्युटर टीव्हीला जोडला होता, असं तुम्ही सहज लिहून गेलात. माझा सगळा संशय त्या केबलवर आहे. ती एचडीएमआय केबल अजून कॉम्प्युटरच्या मागे लागलेली आहे का, ते बघा. टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो पुरता बंद होत नाही, स्टँडबायवर राहतो. केबल लागलेली असेल तर असे बरेच टीव्ही कॉम्प्युटरला ‘मी आहे’ असं कळवत राहतात. विंडोजच्या हिशेबी तुमच्या घरात दोन स्क्रीन आहेत. मुलांनी क्रोम टीव्हीवर नेऊन सिनेमा लावला, संपल्यावर तिथेच बंद केला. क्रोम आपली शेवटची जागा लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथेच उघडतो. म्हणजे तुमचा क्रोम रोज उघडतोय, फक्त बंद टीव्हीवर. मुलगा होता तोवर टीव्ही सुरू होता, म्हणून त्याला दिसत होता.

हे खरं की खोटं ते लगेच कळेल. माउस उजवीकडे सरकवत न्या. बाण स्क्रीनच्या कडेला अडला नाही आणि पलीकडे जाऊन दिसेनासा झाला तर दुसरी स्क्रीन जोडलेली आहे. डावीकडेही असंच करून बघा, कारण टीव्ही कोणत्या बाजूला धरायचा हे सेटिंगवर असतं. किंवा सरळ टीव्ही लावा, रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबून केबल लावलेली एचडीएमआय निवडा आणि क्रोम उघडा. मोठ्या पडद्यावर तुमचा क्रोम दिसेल.

दिसला, तर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवून पी दाबा. चार पर्याय येतील. ‘एक्स्टेंड’ म्हणजे दोन स्क्रीन शेजारीशेजारी, एकच लांब पडदा असल्यासारख्या. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र. तुम्ही सगळ्यात वरचा ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडा. बहुतेक वेळा एवढ्यावर विंडो आपल्या स्क्रीनवर येते. पुढच्या सुट्टीत सिनेमा बघायचा झाला की त्याच ठिकाणी ‘डुप्लिकेट’ करा. मग विंडो कुठे गेली हा प्रश्नच येणार नाही.

केबल केव्हाच काढून ठेवलेली असेल आणि तरीही विंडो येत नसेल, तर तिला हाताने ओढून आणावं लागतं. ही क्रिया मी सावकाश सांगते, कारण एकदा जमली की आयुष्यभर उपयोगी पडते. क्रोम उघडा. खालच्या पट्टीवरच्या त्याच्या चित्रावर माउस न्या, छोटं चित्र वर येईल. त्या छोट्या चित्रावर उजवं बटण दाबा. यादी येईल, त्यात ‘मूव्ह’ असेल. ते फिकट असेल तर आधी त्याच यादीतलं ‘रिस्टोअर’ दाबा आणि पुन्हा यादी उघडा, कारण पूर्ण पसरलेली विंडो हलवता येत नाही. ‘मूव्ह’ दाबल्यावर माउसला हात लावू नका. कीबोर्डवरचा डावा बाण एकदाच दाबा. आता विंडो माउसला चिकटली आहे. माउस हळूहळू हलवा, कुठल्या तरी कडेने क्रोम आत सरकताना दिसेल. मधोमध आला की डावं बटण दाबून सोडा. मग लगेच वरच्या फुलीने क्रोम बंद करून पुन्हा उघडा, म्हणजे नवी जागा त्याच्या लक्षात राहील.

कुणी तुम्हाला यासाठी आल्ट आणि स्पेसबार एकत्र दाबायला सांगेल. ती जुनी आणि चांगली युक्ती आहे, पण विंडोज ११ वर काही कॉम्प्युटरमध्ये ती बटणं दाबली की कोपायलट हा मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस उघडतो. तसं झालं तर तो बंद करा आणि वर सांगितलेला मार्ग धरा.

शेजारच्या मुलाने क्रोम काढून पुन्हा टाकल्यावर फरक का पडला नाही, हेही यातून कळेल. क्रोम काढला तरी तुमचे बुकमार्क, साठवलेले पासवर्ड, विंडोची जागा हे सगळं तुमच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतं. नवा क्रोम येतो आणि तेच फोल्डर उघडतो, त्यामुळे जुनी जागाही परत येते. एका अर्थी बरंच झालं. काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसा’ असा एक चौकोन येतो. त्यावर त्याने टिचकी मारली असती तर पासवर्डही गेले असते. इथून पुढे कुणी मदतीला बसलं तर त्या चौकोनावर लक्ष ठेवा.

आता पांढरी विंडो. हिचा टीव्हीशी संबंध नाही. वर टॅब दिसतात आणि खाली पांढरं राहतं, याचा अर्थ ब्राउझर चालू आहे, पण पान रंगवण्याचं काम कुठेतरी अडलंय. हे काम ब्राउझर ग्राफिक्सच्या चिपकडे सोपवतो आणि त्या चिपशी बोलायला विंडोजला ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर लागतं. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की ड्रायव्हरही बदलतो, आणि नवा ड्रायव्हर तुमच्या चिपशी नीट जुळला नाही तर असाच पांढरा किंवा काळा पडदा दिसतो.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट ही तिन्ही बटणं धरून बी दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होईल, बीप वाजेल आणि परत येईल. ड्रायव्हर नव्याने सुरू झाला. यात उघड्या फाइलींना धक्का लागत नाही. पान दिसायला लागलं तर आपलं निदान बरोबर आहे. पुन्हा बिघडेल कदाचित, पण दोष कुठे आहे हे कळलं.

मग क्रोममध्ये (एव्हाना तो परत आलेला असेल) उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, सेटिंग्ज, सिस्टीम असं जा. तिथे ग्राफिक्स अॅक्सिलरेशन वापरण्याचं बटण आहे, ते बंद करा आणि शेजारी येणारं ‘रीलाँच’ दाबा. आता चिपचं काम प्रोसेसर करेल. सोसायटीचे हिशेब, बातम्या, बँक यात काही फरक जाणवणार नाही. व्हिडिओ बघताना पंख्याचा आवाज थोडा वाढेल, इतकंच. एजमध्येही सेटिंग्जमधल्या सिस्टीमच्या भागात असंच बटण आहे.

अडचण अशी, की विंडो पांढरी असेल तर सेटिंग्जचं पानही पांढरंच दिसणार. तेव्हा असं करा. ब्राउझर पूर्ण बंद करा. डेस्कटॉपवरच्या त्याच्या शॉर्टकटवर उजवं बटण, मग ‘प्रॉपर्टीज’. ‘टार्गेट’ नावाच्या चौकटीत एक लांब ओळ असेल, तिच्या शेवटी अवतरण चिन्ह असेल. त्या चिन्हाच्या पुढे एक स्पेस द्या आणि इंग्रजी लहान अक्षरांत दोन हायफन, डिसेबल, एक हायफन, जीपीयू असं सलग, मध्ये जागा न सोडता (--disable-gpu) टाइप करा. ओके करून त्याच शॉर्टकटवरून ब्राउझर उघडा. पान दिसेल, मग आत जाऊन वर सांगितलेलं बटण बंद करा. नंतर शॉर्टकटमधली ती भर पुसून टाकली तरी चालेल.

क्रोम चालत नाही म्हणून एज उघडलंत, ते स्वाभाविक होतं. पण तपासणीसाठी ही जोडी उपयोगाची नाही. दोघांच्या पोटात क्रोमियम हेच इंजिन आहे, त्यामुळे एकाला जे होतं ते दुसऱ्यालाही होण्याची शक्यता मोठी. वेगळं इंजिन असलेला ब्राउझर म्हणजे फायरफॉक्स. तो मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये मोफत मिळतो, म्हणजे टाकायला दुसरा ब्राउझर लागत नाही. फायरफॉक्समध्ये सगळं स्वच्छ दिसलं आणि एजमध्ये पांढरं राहिलं तर तूर्त फायरफॉक्सवर काम चालवा, कामं थांबवू नका.

अॅक्सिलरेशन बंद करणं हा तात्पुरता उपाय आहे. खरा इलाज ड्रायव्हर नीट बसवणं हाच, आणि त्यात मुलाला फोनवर घेतलंत तरी हरकत नाही. स्टार्टच्या चिन्हावर उजवं बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, त्यात ‘डिस्प्ले अॅडाप्टर्स’ ही ओळ उलगडा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांपैकी एक नाव हवं. ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर’ असं दिसलं तर चिपचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर चाललंय. पुसट अक्षरांचं कारणही मग बहुधा तेच असेल. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स असं गेलं की ड्रायव्हरची वेगळी यादी मिळते, तिथून तो घ्या. तिथे नसेल तर तुमचा कॉम्प्युटर ज्या कंपनीचा आहे तिच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून शोधा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा’ असं सांगणारं फुकटचं सॉफ्टवेअर मात्र मुळीच टाकू नका. दुरुस्तीच्या नावाखाली नको त्या गोष्टी कॉम्प्युटरमध्ये शिरतात त्या अशाच.

इथे मला दुकानदारांबद्दल एक सांगायचंय. ते लबाड आहेत असं मी म्हणत नाही. गल्ल्यावर गर्दी असते, एकेका कॉम्प्युटरपाशी तासभर बसणं परवडत नाही, आणि फॉरमॅट मारला की सॉफ्टवेअरच्या बहुतेक तक्रारी एकदम जातात. पण तुमच्या हिशेबांची आणि फोटोंची काळजी तुम्हालाच करायला हवी. कॉम्प्युटर दुकानात न्यायचीच वेळ आली तर आधी ते सगळं पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून दोन-चार फाइली उघडून बघा आणि मगच न्या. खरं तर हे काम आजच करा, क्रोम दुरुस्त होवो न होवो.

‘२०१९ चा आहे, नवा घ्या’ हेही मला पटत नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, अबाउट इथे प्रोसेसरचं नाव दिसेल. आय३-८१०० असं काही असेल तर डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. तुमचा कॉम्प्युटर यात बसत असेल तर तो अजून काही वर्षं सहज चालेल. त्याच पानावर रॅम ४ जीबी दिसली तर मात्र ती ८ करून घ्या. नव्या कॉम्प्युटरपेक्षा हा खर्च फार कमी आहे आणि ब्राउझरला त्याचा लगेच फायदा होतो. ज्या वाचकांचा कॉम्प्युटर या अटींत बसत नाही, त्यांनी घाईने काही विकत घेऊ नये. विंडोज १० वर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

परत विंडोज १० वर जावं का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेल. अपग्रेडनंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’त ‘गो बॅक’ची सोय असते. तुमची ती मुदत उलटून गेली आहे आणि तिची गरजही नाही.

पुसट अक्षरं ड्रायव्हर नीट बसल्यावरही राहिली तर डेस्कटॉपवर उजवं बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये जा. रिझोल्यूशन आणि स्केल या दोन्हींपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेला आकडा ठेवा. अक्षरं लहान वाटली तर फक्त स्केल वाढवा, रिझोल्यूशनला हात लावू नका. एखाद्याच साइटवर ती वेडीवाकडी मोठी दिसत असतील तर कंट्रोल धरून शून्य दाबा.

आता ती लाल विंडो. बाई, तुम्ही त्या नंबरवर फोन केला नाहीत, हे फार फार चांगलं केलंत. तिचा विंडोज ११ शी काही संबंध नाही. ते एक साधं वेब पान असतं, पूर्ण स्क्रीन व्यापणारं, जोरजोरात आवाज करणारं. कॉम्प्युटर लॉक वगैरे काही झालेला नसतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, ही खूण पक्की धरून ठेवा. फोन केला असता तर पलीकडच्या माणसाने एनीडेस्कसारखं काहीतरी टाकायला सांगून तुमचा कॉम्प्युटर लांबून ताब्यात घेतला असता आणि गोडीगुलाबीने बँकेपर्यंत पोचला असता. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना असं गाठतात, आणि एखाद्याची आयुष्याची पुंजी अशी जाते तेव्हा माझा फार संताप होतो.

पुन्हा आलीच तर एस्केप बटण काही सेकंद दाबून धरा, पूर्ण स्क्रीन मोडेल, मग वरची फुली दाबा. फुली चालली नाही तर आल्ट आणि एफ४. तेही नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत क्रोम निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. नंतर क्रोम उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारेल, तिथे ‘रिस्टोअर’ दाबू नका, नाहीतर तेच पान परत येईल. मेन स्विच बंद करण्याची गरज नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जाऊन ज्या साइटला परवानगी दिलेली आहे ती यादीही बघा. अनोळखी नावं सरसकट काढून टाका. आणि तुमच्या ओळखीत कुणी असा फोन करून पैसे गमावले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. लवकर कळवलं तर रक्कम वाटेत थांबवता येण्याची शक्यता असते.

हे सगळं करताना एका वेळी एकच बदल करा, ब्राउझर उघडून बघा, मग पुढचा. आधी केबल, मग पांढरी विंडो, मग अक्षरं. वहीत काय केलं ते लिहीत जा, म्हणजे मुलाला फोनवर सांगताना सोपं जाईल.

एवढं करूनही एज पांढरंच राहिलं तर डिव्हाइस मॅनेजरमधली ‘डिस्प्ले अॅडाप्टर्स’खालची ओळ आणि कॉम्प्युटरवर चिकटवलेला मॉडेल नंबर, या दोन्हींचे मोबाईलवर फोटो काढून मला पाठवा. तुमच्या मॉडेलला कोणता ड्रायव्हर लागतो ते मी शोधून कळवते.